संक्रांतीपर्यंतचं गरम पाणी

घरात नवी वस्तू आली की तिच्यासोबत खोका येतो, थर्माकोल येतो आणि एक वॉरंटी कार्ड येतं. ते आपण इतकं जपून ठेवतो की हवं तेव्हा सापडतच नाही. किस्से मात्र घरातल्या माणसांत आधीपासूनच भरलेले असतात, वस्तू आली की नुसती तोटी फिरते! आमच्या पवनीच्या घरावर सोलर वॉटर हीटर बसला, त्याला अजून दोन हिवाळेही झाले नाहीत. पण किस्स्यांचा साठा एवढा झालाय की शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडायच्या आधी मैत्रिणी विचारतात, "पल्लवी, काय म्हणतो मग तुझा सोलर?"

मी विज्ञान शिकवते. म्हणजे वर्गात मुलांना उष्णतेचं वहन समजावून सांगते आणि घरी येऊन कुकरच्या शिट्टीला दचकते. तेव्हा पुढचं सगळं त्या हिशेबानं वाचा.

* * *

सुरुवात हसण्यासारखी नव्हती, म्हणून ती पटकन सांगून टाकते.

आमचं घर विणकरांचं. अंगणाला लागून असलेल्या खोलीत माझ्या सासऱ्यांचा, बाबूजींचा, हातमाग. सासूबाई चरख्यावर बसून त्यांना सुताच्या कांड्या भरून देतात. नवरा प्रशांत बाजारात कापडाचं दुकान बघतो. आणि ईशू, आमची मुलगी, तेव्हा दहा महिन्यांची, नुकतीच रांगायला लागलेली.

अंगणाच्या एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात न्हाणी. हिवाळ्यात पहाटेपासून चुलीवर गंज चढायचा. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. पाणी उकळलं की सासूबाई दोन फडक्यांनी तो उचलायच्या आणि अख्खं अंगण ओलांडून न्हाणीत न्यायच्या. तीस वर्षं नेत होत्या. थेंब सांडायचा नाही.

त्या दिवशी मागाच्या खोलीतून एक कांडी घरंगळत अंगणात आली आणि कांडीच्या मागे ईशू. सासूबाईंचं पाऊल हवेतच थांबलं. त्यांनी गंज स्वतःच्या अंगाकडे कलता केला. पाणी त्यांच्या पायाशी पडलं, दोन बोटं भाजली. ईशूला कांडी सापडली. ती हसली.

बस, एवढंच. पण त्यानंतर मी फळ्यावर काहीही लिहीत असले तरी डोळ्यांसमोर तो गंज! प्रशांतनं तोडगा म्हणून पाणी तापवायचा इलेक्ट्रिक रॉड आणला. आता वीज आणि पाणी एकाच बादलीत! मी रोज सकाळी न्हाणीच्या दारात ईशूला काखेत घेऊन पहारा द्यायला लागले. प्रशांत म्हणाला, "आपण आंघोळ करून राहिलो का बँक लुटून राहिलो?"

मग मी सोलरचा धोशा लावला. दहा महिने लावला. सासूबाईंचं एकच म्हणणं, "चुलीच्या पान्यानं अंग मोकळं होते. काचंतल्या पान्यानं काय होईन?"

शेवटी दिवाळीनंतर त्यांनी अट घातली. घरातल्या सगळ्यांना समोर बसवून घातली.

"बसव तुहा सोलर. पर संक्रांतीवरी पाहीन. एक दिवस जरी पानी थंड निघालं, त्याच दिवशी माही चूल पेटन. मंग पुन्हा नाव काढायचं नाही."

मी "हो" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता "हो" म्हणाले, आणि तेव्हापासून संक्रांतीपर्यंत त्याचाच विचार करत राहिले.

* * *

माझी नणंद साकोलीला असते. तिनंच तिकडचा एक फिटर पाठवला. सडसडीत माणूस, कानामागे पेन्सिल. मी आदल्या दिवशी वहीत प्रश्न लिहून ठेवले होते. माकडं चढली तर? गारा पडल्या तर? टाकी फुटली तर? काचेची नळी फुटून खाली पडली आणि त्या वेळी खाली ईशू असली तर?

सातव्या प्रश्नाला त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "मॅडम, तुमाले सोलर पायजे का विमा?"

तरी तो बिचारा सगळ्यांची उत्तरं देत होता. आत विजेची कॉइलही बसवून देतो म्हणाला, ढगाळ दिवसांत कामी येते. मी कानांवर हात ठेवले. रॉड घरातून काढायला सोलर आणायचा आणि पुन्हा टाकीत कॉइल घालायची? नको म्हणजे नको! (हा माझा निर्णय होता. लक्षात असू द्या, मला तर तो विसरताच आला नाही.)

मग फिटरनं सांगितलं की नळ्यांचं तोंड दक्षिणेला करावं लागेल. बाबूजी मागावरून उठून गच्चीवर आले.

"दक्षिणेले? ते यमाची दिशा हाये. सकाळी सकाळी यमाच्या तोंडचं पानी आंगावर घ्यायचं?"

मी उत्तरायण, दक्षिणायन, सूर्याचा कोन असं सगळं सांगायला तोंड उघडलं. फिटरनं मला हातानं थांबवलं.

"बाबूजी, दक्षिणेले ऊन हाये. यमाले भेटायचं असन तं तो खालचा रॉड वापरा."

बाबूजी दोन मिनिटं विचार करून म्हणाले, "ठोक खिळे!"

* * *

पहिल्याच दुपारी सासूबाई गच्चीवर गेल्या. गुडघे धरत, जिना चढत गेल्या. टाकीवर तळहात ठेवला, मग गाल ठेवला आणि तिथूनच मला हाक मारली.

"सूनबाई! हे तं थंडगार हाये! फिटरनं फसवलं तुले!"

मी धावत वर. "आई, टाकी बाहेरून थंडच असते. आतली उष्णता बाहेर येऊ देत नाही ती. म्हणजे कसं, आपला थर्मास असतो ना? आत चहा गरम, बाहेरून हात लावला तर थंड."

सासूबाईंनी टाकीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हंजे एवढा मोठा थर्मास आणला तू?"

"हो, तसंच समजा."

"मंग चहाच भरायचा होता बाप्पा! पाहुणे आले का तोटी फिरवली!"

* * *

दुसऱ्या दिवशी न्हाणीतला गरम नळ सोडला आणि त्यातून वाफा आल्या. घरात सगळे खूश. मी सोडून!

कारण माझ्या लक्षात आलं, आता उकळता गंज अंगणातून जाणार नव्हता हे खरं, पण तेवढंच कडक पाणी ईशूच्या हाताच्या उंचीवर, एका तोटीच्या मागे, चोवीस तास हजर होतं. आणि आता ईशू चालत होती. तिला तोट्या फिरवायला आवडायचं. म्हणजे दहा महिने भांडून मी संकट चुलीवरून उचललं होतं आणि नळाला बांधलं होतं. वा मॅडम!

शाळेला सुट्टी टाकली. गावातल्या प्लंबरला बोलावलं आणि गरम पाण्याचा नळ वर घ्यायला सांगितला. "किती वर?" म्हणाला. मी ईशूला स्टुलावर उभं केलं, तिचा हात वर धरला, त्यावर आणखी दीड हात मोजला आणि भिंतीवर खूण केली.

संध्याकाळी प्रशांत घरी आला. न्हाणीत गेला, बाहेर आला.

"नळ कुठं हाये?"

"वर बघ."

त्यानं मान वर केली. तो आमच्या घरातला सगळ्यात उंच माणूस, त्याचा हात जेमतेम पोचला. सासूबाईंना तर तेव्हापासून आंघोळीला पाट आणि नळाला स्टूल अशी दोन आसनं लागतात. त्या स्टुलावर चढताना रोज म्हणायच्या, "देवाले हात पोचते माहा, पर सूनबाईच्या नळाले पोचत नाही!"

पण नळ खाली घे, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. हेही सांगायला हवं.

* * *

प्रशांत पूर्वी हिवाळ्यात दोन मग पाण्यात आंघोळ उरकायचा. तिसरा मग लागला तर तो सण समजायचा. सोलर आल्यावर हाच माणूस न्हाणीत शिरला की गाणी म्हणायला लागला. एक गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्या गाण्याला बाबूजींनी मागाचा धोटा खाली ठेवला, न्हाणीच्या दारावर थाप मारली आणि ओरडले, "बाबू, सूर्य एकच हाये! त्याले बाकीच्या गावालेबी ऊन द्यायचं हाये!"

* * *

डिसेंबरच्या मध्यावर पाणी कोमट यायला लागलं.

आकाश निरभ्र, ऊन कडक, आणि पाणी आज कोमट, उद्या आणखी कोमट. एका सकाळी तर सरळ थंड. सासूबाईंनी फक्त चुलीतली राख काढून चूल झाडून ठेवली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मी फिटरला फोन केला. एकदा, दोनदा, मग मधल्या सुट्टीत आणखी दोनदा. शेवटी तो साकोलीहून भर दुपारी मोटरसायकलवर आला. मी अर्धी सुट्टी घेऊन घरी हजर. रात्री जागून शक्यता लिहून ठेवल्या होत्या. व्हॉल्व्ह बिघडला असेल, नळीत हवा अडकली असेल, पाण्याचा क्षार बसला असेल.

तो एकटाच वर गेला. मग जिन्यावरून सावकाश खाली आला. खांद्यावर सुताची एक लांबलचक जांभळी लड, ओलसर.

"मॅडम, सोलर ठणठणीत हाये. पर त्यानं लुगडं नेसलं हाये."

मी वर पळाले. दहाच्या दहा काचेच्या नळ्यांवर सुताच्या लड्या! जांभळ्या, हिरव्या, पिवळ्या, भाताच्या पेजेची खळ दिलेल्या, ओळीनं, नीट विंचरून पसरलेल्या. एकाही नळीचा वीतभरसुद्धा भाग उघडा नव्हता.

बाबूजी रोज मी शाळेत गेले की खळ दिलेलं सूत वर नेऊन पसरायचे आणि मी घरी यायच्या आत काढून घ्यायचे. लपवायचं म्हणून नाही, तोवर ते सुकलेलंच असायचं!

"बाबूजी," मी जवळजवळ रडतच म्हणाले, "या नळ्यांना ऊन लागायला हवं!"

"लागते ना! म्हणून तं टाकतो. आंगणातल्या बांबूवर दुपार जाते, इथं एका घंट्यात लड कडकडीत. सूत चिकटत नाही, तुटत नाही. दहा दांड्या, सगळ्या सारख्या, गुळगुळीत, उन्हाकडं तोंड करून! माह्या आयुष्यात अशी वाळवण पाहिली नाही मी." मग फिटरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लय कामाची चीज हाये बाबू. यानं पानीबी गरम होते म्हणतेत."

फिटर जिन्यातच बसला, हसून हसून.

प्रश्न उरला अटीचा. पाणी थंड निघालं होतं, ते सगळ्यांनी अंगावर घेतलं होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या चरख्यावर कांडी भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते दिवस सोलरच्या खात्यात नाही. ते तुह्या सासऱ्याच्या खात्यात."

* * *

माझं माहेर लाखांदूरचं. माझ्या आईला सोलरचं कळलं तेव्हापासून ती फोनवर एकच विचारायची, "जावई थंड पान्यानं न्हातेत का वो?" किती सांगितलं तरी पटेना. शेवटी जानेवारीच्या सुरुवातीला ती एसटीनं स्वतःच आली. एका हातात पिशवी, आणि डोक्यावर कंडक्टरनं टपावरून उतरवून दिलेला, सुतळीनं घट्ट बांधलेला वाळक्या लाकडांचा भारा!

"असू दे घरात," ती सासूबाईंना हळूच म्हणाली. "पोरगी शिकलेली हाये, तिले काही म्हणता येत नाही. तुमाले त्रास नको, विहीणबाई."

घरात दोन आया, दोघीही चुलीच्या बाजूच्या, आणि आता लाकडंही आयती! संक्रांतीला थोडेच दिवस उरले होते.

सासूबाईंनी माझ्या आईचा हात धरला आणि तिला न्हाणीत नेलं. स्टूल ओढलं, वर चढल्या, तोटी सोडली. आधी नळीतलं साचलेलं थंड पाणी जाऊ दिलं, अगदी फिटरनं शिकवलं होतं तसं, आणि खाली हात ठेवून अंदाज घेतला.

"हं, आता लावा हात. लावा ना, विहीणबाई! भिता काहून?"

आईनं हात धरला आणि "माय वो!" करून मागे घेतला.

"काडी नाही, फुकनी नाही, डोळ्यात धूर नाही," सासूबाई स्टुलावरूनच म्हणाल्या. त्या उंचीवरून त्या मला भाषण देणाऱ्या मंत्र्यांसारख्या दिसल्या. "तुमच्या पोरीनं सूर्याले पान्यावर ठेवला हाये. हा भारा वापस घेऊन जा, तुमच्याइकडं लागन."

मी मागच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि उगाच डबे पुसत बसले. दोन महिन्यांत माझ्यासमोर त्यांनी सोलरबद्दल एकही चांगला शब्द वापरला नव्हता. आताही माझ्यासमोर वापरला नव्हता म्हणा, मी दाराआड होते!

आई दुसऱ्या दिवशी गेली. भारा घेऊन गेली. लाखांदूरला उतरल्या उतरल्या तिचा फोन, "पल्लवी, आपल्या घरी छपरी हाये, गच्ची नाही. छपरीवर बसते का वो ते?"

* * *

आणि मग संक्रांतीला चार दिवस राहिले असताना आभाळ आलं.

पहिल्या दिवशी टाकीत आदल्या दिवसाचं गरम पाणी होतं, ते पुरलं. दुसऱ्या दिवशी कोमट मिळालं, ओढून ताणून. दिवसभर मी वर्गाच्या खिडकीतून आभाळाकडे बघत होते. सूर्य नावालाही नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठले, न्हाणीत गेले, नळ सोडला, बरंच पाणी जाऊ दिलं आणि हात धरला.

वैनगंगेत हात घातला असता तरी एवढा बधिर झाला नसता!

कॉइल नको म्हणणारी मीच. दिवाळीनंतर सगळ्यांसमोर "हो" म्हणणारीही मीच. आणि रोज वर्गात मुलांना सांगणारीही मीच की प्रयोगात जे दिसतं तेच लिहायचं, मनातलं लिहायचं नाही. मी परसातून चार लाकडं आणली, चुलीत रचली आणि काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. तीही विझली. तिसरी नुसतीच हातात धरून बसले.

तेवढ्यात ईशू उठून बाहेर आली. अनवाणी. मधल्या मोकळ्या अंगणात तिनं आपल्या सवयीप्रमाणे दोन गोल चकरा मारल्या, मागाच्या खोलीच्या दाराला हात लावला, परत फिरली आणि धावत न्हाणीच्या दाराला हात लावला. हा तिचा रोजचा खेळ. तिच्या मागोमाग सासूबाई बाहेर आल्या. दारातच थांबून त्यांनी तिची ती पळापळ पाहिली. मग चूल पाहिली. मग मला पाहिलं.

"हे कायले?"

"आई, पाणी थंड आहे. ठरल्याप्रमाणे..."

"तू हात घातला का?"

"हो."

"तुले काय समजते? तुले तं चैत्रातबी थंडी वाजते!"

त्यांनी खांद्यावर लुगडं टाकलं आणि न्हाणीत गेल्या. दार लावलं. स्टूल सरकल्याचा आवाज आला, नळ सुटल्याचा आला. पहिला मग पडला आणि आतून "अगं मा..." एवढंच आलं, पुढचं मध्येच गिळलं गेलं. मग एकामागून एक मग, घाईघाईनं, न थांबता.

बाहेर आल्या तेव्हा ओठ निळे पडले होते. हनुवटी थडथडत होती. पदर दोन्ही हातांनी गळ्याशी घट्ट धरला होता.

"ग... गरम हाये," म्हणाल्या. "काढ ते लाकडं चुलीतून."

बाबूजी मागाच्या खोलीतून डोकावले. "मंग लटलट कापून काहून राहिली वो?"

"गरम पान्यातून एकदम भायेर आली नं! हवा लागली! तुमाले काय करायचं? तुमी जा आता, पानी निवायच्या आधी."

बाबूजींनी चुलीकडे पाहिलं. ईशूकडे पाहिलं, ती चौथ्या फेरीला होती. मग बायकोकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. खुंटीवरचा टॉवेल काढला आणि न्हाणीत गेले.

आतून "हर हर महादेव!" अशी आरोळी आली की शेजारच्या घराच्या कौलांवरचे पारवे उडाले. मग आणखी एक. मग बराच वेळ नुसतं पाणी.

शेवटी दार उघडलं. टॉवेल गुंडाळून, दोन्ही हात काखेत दाबून बाबूजी माझ्यासमोर उभे राहिले. दात एकमेकांवर आपटत होते, त्यातून जमेल तेवढ्या रागानं म्हणाले,

"सूनबाई, त्या साकोलीच्या फिटरले फोन लाव. पानी लय कडक येऊन राहिलं! मले अर्धी बादली थंड मिसळा लागलं!"